उतरलेलं विमान

विमलबाईंनी बर्फाच्या पेटीची काच पदराच्या टोकानं पुन्हा पुसली. आत आश्रुबा होते, कालच्या दिवेलागणीपासून. जितेपणी कुणासाठी घटकाभर न थांबलेला त्यांचा नवरा आता लेकाची वाट बघत निमूट पडला होता.

लेक सत्यम टोरंटोत. काल फोनवर हुंदके देत म्हणाला होता, तिकीट झालं, संध्याकाळच्या विमानात बसतोय, मी आल्याशिवाय माती करू नका. तेव्हापासून अर्धं उमापूर अंगणात बसून भूगोल शिकत होतं. दिल्लीपर्यंत साडेअकरा हजार किलोमीटर, चौदा तास. तिथून दुसरं विमान संभाजीनगरला, मग गाडी. पुतण्या हरिओमच्या मोबाईलवर ते विमान दिसत होतं. निळ्या समुद्रावर बसलेली पिवळी माशी जशी. शेजारचा सिदू म्हणाला, निम्मा जलम ऊसतोडीला गेलो-आलो, तवा कुठं एवढं व्हईल.

मयत घरात आहे तोवर भावकीत चूल पेटत नाही. लेकरांना भिंतीआड बिस्किटं चारून झाली होती. पण धाकटा दीर धुळाजी साखरेचा पेशंट, आणि रीतीला पक्का. कालपासून तो नुसत्या पाण्याच्या तांब्यावर होता.

"वैनी, आजून किती?"

"येतोय, भावजी."

त्या फोन घेऊन गोठ्यात गेल्या. विमानात फोन बंद असतो, हे सत्यमनंच त्यांना शिकवलेलं. बंद आहे असं सांगणाऱ्या बाईचा आवाज ऐकला की झालं, पोरगं वाटेत आहे एवढा जिवाला आधार.

बाई बोललीच नाही. घंटी वाजली, आणि लगेच फोन उचलला गेला.

"आई."

मागं कसलाही गलबला नव्हता. तिकडं मध्यरात्र होती. विमलबाईंनी काही विचारायच्या आत तो बोलत सुटला. कागद अडकलेत. आता निघालो तर परत इकडं घेणार नाहीत. बायको-पोरं इथं. काल सांगायची जीभच उचलली नाही. दावणीची म्हैस रवंथ करत राहिली.

"जेवलास का?"

"न्हाई."

"जेवून घे. एवढ्या लांबच्या चुलीला कुणी विचारत न्हाई."

त्या बाहेर आल्या, तेव्हा अंगण उठून उभं राहिलं होतं. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"भावजी, सत्यमचा फोन आलता. हवा खराब हाय म्हणून विमान मधीच कुठंतरी उतरवलं. उद्यापस्तोर हलत न्हाई. म्हणला, बापाला ताटकळत ठेवू नका. हरिओमच्या हातनं करा."

धुळाजीनं आपल्या लेकाकडं, हरिओमकडं पाहिलं.

"दिसतंय का रं तसं?"

हरिओमनं मोबाईल उघडला. पिवळं विमान समुद्र ओलांडून जमिनीवर आलं होतं आणि पुढं सरकतच होतं. त्यानं काकूकडं पाहिलं. विमलबाई पेटीच्या काचेवरचं पाणी पुसत होत्या.

"व्हय, आबा," तो म्हणाला. "उतरलंय."

मोबाईल बंद करून त्यानं सदरा काढला आणि न्हाव्यापुढं जाऊन मान खाली घातली.