क्लेमांसचा डावा बूट

मित्रांनो, मी एक जुने तैलचित्र आहे, आणि हे सांगतानाही माझा कॅनव्हास चौकटीत शहारतो.

माझी जन्मदात्री ऑनोरीन. पॅरिसच्या एका संग्रहालयात तिची मैत्रीण क्लेमांस थोरांच्या चित्रांच्या नकला करीत बसे. ऑनोरीनने तिलाच माझ्यावर रंगवले: पायांत जाड बूट, दातांत कुंचला, समोर ईझलवर अर्धी नक्कल, मागे भिंतीवर मूळ चित्र. आधी मैत्रीण रंगवली. मग उरलेल्या जागेत दालन. हा क्रम लक्षात ठेवा. विद्वानांना तो सुचला नाही.

माझे कौतुकही झाले. मात्र ते ऑनोरीनच्या चित्रकार भावाच्या वाट्याला गेले, कारण सहीत केवळ आद्याक्षर आणि आडनाव होते, आणि दोघांचे आद्याक्षर एकच. पुढे माझ्या वाट्याला तळघर आले.

मध्यंतरी मला दुरुस्तीच्या टेबलावर आडवे केले. संग्रहपाल ओक्ताव माझ्यावर वाकले.

"ही बाई मागाहून कोणीतरी घुसवलीये. बघा ना, तिची नक्कल भिंतीवरच्या चित्राहून केवढी लहान! साधं माप जमलेलं नाही. पुसा तिला. खाली त्या थोर चित्रकाराचं स्वच्छ दालन मिळेल."

चित्रे दुरुस्त करणाऱ्या सोलांज हसल्या. "अहो, नक्कल मूळ चित्राएवढी करायची नाही, हा आपल्याच संग्रहालयाचा नियम! नाहीतर कोणी अस्सल म्हणून विकेल. नकला करणाऱ्यांच्या परवान्यांवर सह्या तुम्हीच करता ना?"

"मला शिकवू नका, सोलांज. त्याच्यावर ग्रंथ लिहिलाय मी."

"माहितेय. माझं दार त्या ग्रंथानंच अडवलंय. वाऱ्याला हलत नाही."

"द्या तो कापसाचा बोळा इकडे!"

मित्रांनो, द्रावणाचा उग्र वास आला, आणि मला ओरडता येईना. गार बोळा क्लेमांसच्या डाव्या बुटावर फिरला. कापूस तपकिरी झाला. ओक्ताव भिंग लावून दालनाची फरशी शोधू लागले.

फरशी नव्हती. कोरा कॅनव्हास होता.

"म्हणजे... बाईसुद्धा त्यानंच काढली!" ते पुटपुटले.

"आणि बूट? तो कोणी खाल्ला?" सोलांजनी विचारले.

आता मी पुन्हा भिंतीवर आहे. पाटीवर भावाचेच नाव आहे. पुसलेल्या बुटाला ओक्ताव आपल्या नव्या ग्रंथात भावाचा धाडसी प्रयोग म्हणतात.

मित्रांनो, कोणाला पुसण्यापूर्वी खाली खरोखर काही आहे का, एवढे तरी पाहत जा. क्लेमांसचा उजवा बूट अजून शाबूत आहे. द्रावणाची बाटलीही.