रक्तदात्यांचं पान

जबलपुरात कांचघर भागातल्या शाळेत गणित शिकवणाऱ्या पद्मजाबाईंनी मराठी मंडळाची साइट नऊ वर्षं एकट्यानं सांभाळली होती. दोन पुस्तकं आणि इंटरनेट, एवढ्या भांडवलावर त्या हे काम शिकल्या. ही साइट चालते कशी, असं मंडळात कुणी कधी विचारलं नव्हतं. आता पुण्याची नोकरी घरून करायला म्हणून मंडळातली तरुण चिन्मयी जबलपूरला परत आली, तर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "चिन्मयी साइट नवी करून राहिली."

एका शनिवारी ती लॅपटॉप घेऊन पद्मजाबाईंच्या घरी आली. साइट ज्या प्रणालीवर चालायची ती फार जुनी झाली होती. ती बदलण्याआधी साइटला जोडलेले छोटे छोटे प्रोग्राम, म्हणजे प्लगिन, नव्या आवृत्तीत चालतील का, हे तिला तपासायचं होतं. सतरा नावं तिनं वहीत लिहून आणली होती. प्रत्येकापुढे ते शेवटचं कधी सुधारलं, नव्यात चालतं का, नसेल तर त्याऐवजी काय घ्यायचं, असं सगळं. अक्षरही सुरेख. पद्मजाबाईंना तेही खुपलं.

"काकू, हे रक्तदात्यांचं प्लगिन," चिन्मयी म्हणाली. "नवं टाकलं तर चालेल. पण जुन्या फाइली पुसल्या जातील. तुम्ही आत हातानं काही बदललं होतं का?"

बदललं होतं. सहा वर्षांपूर्वी जवळच्या कुंडम गावाहून आलेल्या एका बाळंतिणीचा नवरा साइटवरचे रक्तदात्यांचे नंबर लावत सुटला होता. सातांपैकी पाच जणांनी नुकतंच रक्त दिलेलं. रक्त मिळेस्तोवर संध्याकाळ झाली. बाई वाचली, पण पद्मजाबाईंच्या मनाला ते लागलं. दिवाळीपासून होळीपर्यंत खपून त्यांनी अशी सोय केली, की अलीकडे रक्त दिलेल्याचं नाव यादीत दिसणारच नाही.

"नाही," त्या म्हणाल्या.

"पक्का ना, काकू? मग परत मिळवणं मुश्किल जाईल."

"नाही म्हटलं ना. चहा घेशील?"

पुढचे आठ दिवस त्या मनातल्या मनात एकच चित्र रंगवत राहिल्या. सगळ्यांसमोर पान कोसळतंय, चिन्मयीचा चेहरा पडतोय, आणि कुणीतरी म्हणतंय, पद्मजाबाईंच्या वेळी असं कधी झालं नव्हतं.

रविवारी सकाळी ओमती भागातल्या मंडळाच्या सभागृहात मंडळी जमली. चिन्मयीनं साइटची एक नक्कल काढून आधी तीच बदलली होती. "खऱ्या साइटला अजून हात लावला नाही," तिनं सांगितलं. "तुम्ही बघा, मग दुपारी करते."

रक्तदात्यांचं पान पडद्यावर क्षणात उघडलं. कोसळलं वगैरे काही नाही.

"वा, बेटा," अध्यक्ष विष्णुपंत म्हणाले. "पहिले किती अटकायचं."

पद्मजाबाई मागच्या खुर्चीत बसून बघत राहिल्या. फक्त त्यांची सोय तेवढी गेली होती, आणि ती गेल्याचं कुणाला कळलंही नव्हतं. कारण ती होती, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. एवढा मत्सर केला, आणि हाती हे लागलं.

चिन्मयीनं बी निगेटिव्ह निवडलं. दोनच नावं आली. पहिलं भाऊरावांचं. भाऊराव समोरच बसले होते. कुणाला नाही म्हणणं त्यांना जमत नसे. मागं एकदा आधीच्या रक्तदानाची तारीख लपवून महिन्याभरात दुसऱ्यांदा रक्त दिलं आणि जिन्यात चक्कर येऊन पडले होते. या वेळचं रक्त देऊन त्यांना आठच दिवस झाले होते.

पद्मजाबाई उठल्या. "भाऊरावांचं नाव इथं दिसायला नको."

"काहून?" विष्णुपंतांनी विचारलं.

पद्मजाबाईंनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "चिन्मयीनं दोनदा विचारलं होतं. मी नाही म्हणाले."

"विसरल्या असाल," विष्णुपंत म्हणाले.

पळवाट सोपी होती. "नाही. विसरले नव्हते."

चिन्मयीचे कान लाल झाले होते. "मी तुमच्या भरवशावर होते, काकू," ती हळूच म्हणाली. मग लॅपटॉप उचलून, "चलो, तुमची जुनी फाइल दाखवा."

दोघी कोपऱ्यात बसल्या. चिन्मयीनं एकेक ओळ वाचली. "हे तुम्ही स्वतः लिहिलं? कुणाला न विचारता?" तिनं तो भाग वेगळा काढून नव्यानं लिहिला आणि त्याचंच एक छोटं प्लगिन केलं, म्हणजे पुढे काहीही बदललं तरी तो पुसला जाणार नाही. तासाभरात झालं. चार महिन्यांचं काम तासात झालेलं पद्मजाबाईंनी पाहिलं.

"तू सगळ्यांना नव्वद दिवसांचं अंतर धरलंस," त्या जरा कोरडेपणानं म्हणाल्या. "बायकांना चार महिने लागतात. माझ्यात होतं ते."

चिन्मयीनं ती ओळ दुरुस्त केली. त्या दुपारी साइट बदलली नाही. पुढचा आठवडाभर दोघींनी सतराच्या सतरा प्लगिन नकलेवर चालवून पाहिली, आणि मगच खऱ्या साइटला हात लावला.

मंडळाच्या पत्रकात आभार फक्त चिन्मयीचे आले. पद्मजाबाईंनी ते दोनदा वाचलं. दोन्ही वेळा बोचलं. त्याच दिवशी चिन्मयीचा निरोप आला, "काकू, वधू-वर नोंदणीचं पान तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. शनिवारी येऊ?"

उत्तर द्यायला त्यांनी मुद्दाम तासभर लावला. मग लिहिलं, "ये."