डॅशबोर्डाला मुशीचं तेल

दामू तांडेलाने मचवा विकून लष्कराच्या लिलावातला जुना ट्रक आणला, तेव्हा तारापूरचा अख्खा किनारा त्याला शहाणा म्हणाला. न म्हणणारी एकटी त्याची बायको जमना. तिचं म्हणणं साधं होतं: मचवा बुडाला तर पोहता येतं, ट्रक बुडाला तर पोहायचं कुठे? पण मचवा गेला होता, घर आता त्या चाकांवरच चालायचं होतं, आणि बाजारात मासळी विकायला बसणारी जमनाच होती. म्हणून रोज सकाळी टोपल्या मागे आणि जमना पुढे, दामूच्या शेजारी.

ट्रकच्या डॅशबोर्डावर तीन तबकड्या होत्या. दोन केव्हाच मेलेल्या. तिसरी विजेची. तिच्यातला काटा मधल्या शून्याच्या अल्याडपल्याड सारखा थरथरायचा आणि दामूचा सगळा जीव त्या काट्यात. त्यांच्या पडवीत चंद्रभान नावाचा भाडेकरू राहायचा. तो अणुवीजघराच्या बांधकामावर सिमेंटच्या गोणी वाहायचा, आणि विजेच्या घराला गोणी पुरवतो म्हणजे आपल्याला वीज कळते, अशी त्याची समजूत होती. त्याने निदान केलं की ही गाडीची नाडी आहे, थरथरते तोवर काळजी नाही. दामूला ते इतकं पटलं की नाडी आणखी जोरात चालावी म्हणून त्याने भंगारातून दोन थोराड दिवे आणि एक भोंगा आणून बसवला. रस्त्यात वीजघराच्या साहेबांची जीप दिसली की भर उन्हात दिवे लावायचे आणि भोंगा वाजवायचा. साहेब बघायचे. दामूला वाटायचं, कौतुकाने.

एकदा डायनामोचा पट्टा तुटला म्हणून ट्रक बोईसरच्या एकनाथ मिस्त्रीकडे गेला. पट्टा बसवून झाल्यावर एकनाथने डॅशबोर्डाखाली डोकं घातलं, नाकाने दोनदा हुंगलं आणि बाहेर येऊन बराच वेळ हात पुसले. मग तो दामूशी न बोलता शेजारी उभ्या जमनाशीच बोलला.

"वयनी, सगळ्या जाळ्याचा भार एका दोरावर आला, आन दोर हातात घट्ट नसला, तर काय होतं?"

"सुटतो. घासत जातो."

"घासला की?"

"तापतो. हात भाजतात."

"वीज तशीच. बॅटरीतून निघते ती थेट या तबकडीत येते. दिवे, भोंगा, चावी, सगळं हिच्या पुढं. मधी फ्यूजबी नाय. आन मागचे नट ढिले झालेत."

बॅटरीची तार आधी सोडतो, नट आवळतो, एक फ्यूज घालतो, अर्ध्या तासाचं काम, असं त्याने सांगितलं. पण तोवर चहावाल्याकडची चार माणसं जमली होती. चार माणसांत आपल्या गाडीला दुखणं आहे हे ऐकून घेण्यापेक्षा दामूने ते दुखणं घरी न्यायचं ठरवलं. तीस वर्षं मचव्यावर तांडेल होतो मी, लोखंड कसं राखायचं ते मला शिकवतो काय, म्हणत त्याने गाडी सुरू केली.

आणि खरोखरच राखलं. होडी खाऱ्या पाण्याने कुजू नये म्हणून तिच्या फळ्यांना मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, काळजाचं तेल चोपडतात. औषध उत्तम, पण लाकडाचं. दामूने काथ्याचा बोळा त्या तेलात बुडवला आणि डॅशबोर्डाच्या मागे तारा, नट, जे हाताला लागेल ते सगळं माखून काढलं. चंद्रभान शेजारी उभा राहून मान डोलवत होता.

त्या दिवसापासून पुढे बसणं म्हणजे मुशीच्या पोटात बसणं झालं. त्या वासाखाली दुसरा कुठला वास येतोय हे कळायची सोय उरली नाही. तरी तिसऱ्या दिवशी जमनाला वास बदलल्यासारखा वाटला. तबकडीची काच एका कडेला तपकिरी पडली होती. तिने तळवा टेकवला आणि तव्यावरून उचलावा तसा उचलला.

"अवो, हे तापलंय."

"तेल मुरतंय," दामू म्हणाला.

चौथ्या दिवशी ते मनोरच्या बाजाराला निघाले. बेटेगाव मागे पडलं, समोरून जीप आली, दामूने दिवे लावले, भोंग्यावर हात ठेवला, आणि तबकडीच्या मागून धूर निघाला. धुरामागे ज्वाळा. तेलाने आपलं काम चोख केलं होतं.

दामूने गाडी थांबवून चावी बंद केली. इंजिन गेलं, आग राहिली. त्याने चावी पुन्हा फिरवली आणि पुन्हा बंद केली, जणू आगीने पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. मग खाली उडी मारून तो जीपला हात दाखवू लागला.

जमना उतरली नाही. हा ट्रक गेला तर मचवा काही परत येणार नव्हता. चावी तबकडीच्या पुढे आहे, ती बंद केली तरी बॅटरीची वीज तबकडीत येतच राहते, भार अजून दोरावरच आहे, हे तिला कळलं. तिने सीट उचकटली, खालच्या बॅटरीची तार धरली आणि ओढली. तार लगेच हातात आली, कारण तिचाही नट दामूने कधी आवळला नव्हता. ढिलेपणाने लावलेली आग ढिलेपणानेच अडवली. मग उतरून तिने मागच्या टोपल्यांवरची ओली गोणपाटं ओढून आणली आणि ती दाबून ज्वाळा विझवल्या. डॅशबोर्ड काळा पडला, ट्रक वाचला.

जीपमधल्या साहेबाने डोकावून विचारलं की आत काय लावलंय. दामूने सांगितलं. साहेब हसला नाही, आणि तेच दामूला जास्त झोंबलं.

एकनाथला दोन दिवस लागले. जमनाने त्याच्याकडून ते थोराड दिवे आणि भोंगा काढवले, फ्यूज घालून घेतला, आणि पाना कसा धरायचा ते शिकून घेतलं. दामूला कोणी विचारलं नाही.

आता बोईसरच्या चहाच्या टपरीवर कुठलाही ड्रायव्हर सापडला की दामू त्याला बसवून घेतो आणि तबकडीचे धोके समजावतो. हे सगळं मीच शोधून काढलं, असं तो म्हणत नाही, एवढंच. चंद्रभान पलीकडून सांगतो की नाडीबद्दल मी आधीच बोललो होतो. तेवढ्या वेळात जमना ट्रकमध्ये बॅटरीची तार सोडते, मागच्या नटांना पाना लावून बघते, तार पुन्हा जोडते, आवळते. मग खिडकीतून हाक मारते, "चला आता." त्या हाकेशिवाय दामूने चावीला हात लावायचा नाही, हे घरात ठरलेलं आहे.