हॅलोच्या आधी

"कुठे झालं? अहो काकी, कुठे झालं?"

समोरचा बेकरीवाला पिठाच्या हातांनीच रस्त्यात आला होता. मी गॅलरीत चादर पिळत उभी होते. त्याला काय सांगणार? मीही तेच ऐकत होते. मशिदीच्या चारही कर्ण्यांतून थोरल्या मौलानांचा आवाज येत होता, आणि थोरल्या मौलानांना जाऊन तेव्हा बराच काळ लोटला होता.

"ज्यांनी हे केलं त्यांना मी विचारतो," मौलाना म्हणत होते, "कोणाचं नाव घेऊन केलंत? ते नाव रोज माझ्या ओठांवर असतं. तुमच्या ओठांवर ते आलंच कसं?"

ही टेप आमच्या गल्लीला पाठ होती. फार पूर्वी पुलावर एका बसमध्ये बॉम्ब फुटला होता. करणारे आपल्यातलेच निघाले. तेव्हा थोरले मौलाना हातात कागदही न घेता चौकात उभे राहिले आणि बोलले. निषेध पुढे अनेकांनी केले, पण बहुतेकांच्या बोलण्यात कुठेतरी एक 'पण' असायचा. मौलानांच्या भाषणात तो नव्हता. 'त्यांच्या मयतावर मी नमाज पढणार नाही,' इतकं सरळ ते म्हणाले होते. ते वारले, त्यानंतर जवळ कुठे, दूर कुठे असं काही घडलं की मशिदीची कमिटी आधी ती टेप लावायची आणि मग नवे मौलाना चार शब्द बोलायचे. त्यामुळे आम्हाला तो आवाज धोक्याच्या भोंग्यासारखा झाला होता. आवाज आला, म्हणजे कुठेतरी माणसं मेली.

खाली शटर पडायला लागली. आया शाळेकडे धावल्या. कुणी काही विचारत नव्हतं, कुणी काही सांगत नव्हतं. जो तो ठरल्यासारखा आपल्या घरात शिरत होता. मी चादर तशीच टाकली आणि मशिदीकडे पळाले.

जिन्याखालच्या खोलीत हे दाराकडे पाठ करून बसले होते. एक हात अँप्लिफायरच्या बटणावर, मान तिरकी, चेहऱ्यावर हसू.

"अहो, बंद करा ते!"

"ऐक, ऐक," हे म्हणाले. घसा इतका बसला होता की नुसती हवाच बाहेर आली. "डावा कर्णा कसा मोकळा झालाय. किती दिवस नाक चोंदल्यासारखा बोलत होता."

"बाहेर या आणि बघा, गल्ली रिकामी झाली!"

तेव्हा कुठे यांनी आवाज बाजूला ठेवून शब्द ऐकले. हात बटणावरून गळून पडला. मीच पुढे होऊन टेप बंद केली.

आमच्या ह्यांचं असंच होतं. माइक लावायचे, कर्णे दुरुस्त करायचे, लग्नांना, सभांना, शाळांच्या मैदानांवर. सगळा जन्म आवाज ऐकण्यात गेला आणि बोलणं काही यांच्या कानात शिरलं नाही. एखादा पुढारी जीव तोडून भाषण करून उतरला की हे म्हणायचे, "खर्ज चांगला आहे, पण 'स'ला शिट्टी मारतो." मी घरात तासभर भांडून दमले की म्हणायचे, "वरच्या पट्टीत फाटतो गं तुझा. जरा पाणी पी." लग्नाच्या बोलणीत मला पाहायला आले तेव्हा म्हणे आईला सांगून गेले होते, मुलगी चांगली आहे, आवाजात खरखर नाही. आयुष्यात मिळालेलं तेवढं एकच कौतुक. आणि स्वतः माइकवर काय बोलले? "हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन." बस्स. मशिदीचा कर्णा तपासताना खालून विचारायचे, "येतंय का?" आणि मी गॅलरीतून हातातलं फडकं हलवून सांगायची, येतंय.

त्या सकाळी घसा बसला होता म्हणून हॅलो म्हणता येईना. पत्र्याच्या डब्यातली हाताला लागली ती कॅसेट यांनी लावली. माणसाचा आवाज हवा होता, कुणाचाही. तो काय बोलतोय, हे यांच्या ध्यानातच आलं नाही.

आम्ही दारोदार सांगत फिरलो. काही झालेलं नाही, चुकून लागली. बेकरीवाला कडी न काढता खिडकीतूनच म्हणाला, "मेलेला माणूस उगाच बोलतो होय, काकी?" आतून त्याची बायको हसली, पण कडी निघाली नाही.

ती दुपार मला अजून दिसते. स्टेशनजवळच्या मोठ्या बाजाराचा दिवस होता. एरवी आमची अर्धी गल्ली तिकडे असायची. त्या दिवशी कुणीच गेलं नाही. ऊन पसरलेलं, रस्त्यावर एकच चप्पल उलटी पडलेली. घराघरांत मुलं होती, पण मुलांचा आवाज नव्हता. काही झालं नाही हे सगळ्यांना आता माहीत होतं, तरी सगळे वाट बघत होते. मी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो तसाच गार झाला.

मग आवाज आला. फार मोठा नाही. वरच्या मजल्यावर कुणी धान्याचं पोतं टाकावं तसा. कपबशी जराशी हलली.

ह्यांनी मान वर केली. स्टेशनच्या दिशेला कान लावला आणि म्हणाले, "हा कर्ण्याचा नाही."

बाजारात बॉम्ब फुटला होता, माणसं गेली. पलीकडच्या गल्लीतली, स्टेशनामागच्या चाळींतली, ओझी वाहणारी, नुसती भाजी घ्यायला आलेली. आमच्या गल्लीतलं एकही माणूस नव्हतं. बेकरीवाल्याची बायको संध्याकाळी आली आणि ह्यांचा हात घेऊन तिने कपाळाला लावला. "चाचा, तुम्ही माझी पोरं वाचवलीत." ह्यांनी चटका बसल्यासारखा हात ओढून घेतला.

पलीकडच्या गल्लीत त्याच वेळी दुसरं बोलणं सुरू झालं होतं. म्हणे, मशिदीवाल्यांना आधीच माहीत होतं. त्यांनी आपल्या लोकांना इशारा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले आणि ह्यांना घेऊन गेले. यांचा घसा पुरता बंद झाला होता, म्हणून मलाही नेलं. हे माझ्या कानात कुजबुजायचे आणि मी मोठ्याने सांगायची.

इन्स्पेक्टर वयाने लहान होता, सभ्य होता. चहा मागवला. टेप जुनी आहे हे त्याला मान्य होतं, तीत पुलावरच्या बसचा उल्लेख होता. "पण नेमकी कालच का लावलीत?"

"घसा बसला होता," मी म्हणाले.

"त्यांनी सांगावं."

"अहो, तेच तर सांगतेय. घसा बसलाय."

बाजूचा हवालदार हसला. इन्स्पेक्टर हसला नाही. त्याने हेडफोन कानाला लावले आणि टेप सुरू केली. थोडं ऐकलं, मागे नेली, पुन्हा ऐकलं. परत मागे नेली. मग हेडफोन काढून ह्यांच्याकडे पाहिलं.

"हा दुसरा कोण आहे?"

"कुठला दुसरा?"

"मौलाना प्रत्येक वेळी थांबून बोलायला लागायच्या आधी कुणीतरी हळूच तेच वाक्य बोलतंय. मागून. त्यांना सांगितल्यासारखं. कोण आहे तो?"

मी ह्यांचा हात धरला. हे मात्र पहिल्यांदाच सैल झाले. यंत्राचा प्रश्न होता. भराभरा कुजबुजायला लागले आणि मी सांगत गेले. टेप वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवली की तिचे वेढे एकमेकांना चिकटून राहतात. एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर उमटतो, अगदी पुसट. म्हणून शब्द येण्याआधी त्याची सावली येते. "दुसरा कोणी नाही साहेब. ते मौलानाच आहेत. आमच्या धंद्यात त्याला आधीचा आवाज म्हणतात."

इन्स्पेक्टरने माझ्या कानाला हेडफोन लावले. नुसती खरखर होती. मग खरखरीच्या पार तळातून, बंद दाराआड कुणी बोलावं तसं, "...कोणाचं नाव घेऊन..." आणि लगेच मौलाना, कानाशी, स्वच्छ: "कोणाचं नाव घेऊन केलंत?"

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"म्हणजे माणूस बोलायच्या आधीच ऐकू येतो," इन्स्पेक्टर म्हणाला.

हे मान डोलावून हसले.

"आणि तुम्हाला? तुम्हाला येतं का असं काही आधी ऐकू?"

हसू तिथेच राहिलं. ह्यांनी माझ्या कानात काही सांगितलं नाही.

संध्याकाळी सोडलं, पण गाव सोडून जायचं नाही असं बजावून. टेप त्यांनी ठेवून घेतली. घरी आल्यावर मी पाण्याचा तांब्या यांच्या हातात दिला आणि विचारलं, "तुम्हाला खरंच काही माहीत नव्हतं ना?"

ह्यांनी माझ्याकडे मान तिरकी करून पाहिलं.

"तुझा आवाज कापतोय," हे कुजबुजले.

तेवढ्यात दार वाजलं. कमिटीचे सेक्रेटरी होते आणि त्यांच्या मागे नवे मौलाना. नवे म्हणजे पोरसवदाच, बारीक आवाजाचे, थोरल्यांच्या खुर्चीत नेहमी कडेला बसायचे.

"उद्या चौकात सभा आहे," सेक्रेटरी उभ्याउभ्याच म्हणाले. "सगळ्या शहरातली माणसं येणार. चाचा, राग मानू नका, माइकला दुसरा माणूस सांगितलाय. निषेध कसा, स्वच्छ व्हायला हवा. तुम्ही तिथे दिसलात तर लोक निषेध ऐकणार नाहीत, तुमच्याकडे बघतील."

दुसऱ्या माणसाने माइक लावला, की शहर काय समजणार ते ठरलेलंच होतं. त्यांच्याच लोकांनी त्याला बाजूला केलं, म्हणजे काहीतरी असेलच. पुढे कुणी लग्नालाही बोलावलं नसतं. हे मला कळत होतं, सेक्रेटरींनाही कळत होतं.

"माइक हेच लावतील," नवे मौलाना म्हणाले.

"अहो मौलाना, लोक काय म्हणतील?"

"म्हणतीलच. निषेध करायचाय तो माणसं मारणाऱ्यांचा. माइक लावणाऱ्याचा नाही." आवाज कापत होता, पण वाक्य पुरं झालं.

सभेला माणूस मावत नव्हता. गेलेल्यांच्या घरचे पुढे बसले होते. हे वायरी ओढत होते, आणि सेक्रेटरी म्हणाले तसंच झालं, सगळे यांच्याकडे बघत होते. इतका मोठा चौक आणि वायर जमिनीवर घासल्याचा आवाज ऐकू येत होता. बाजूला इन्स्पेक्टर साध्या कपड्यांत उभा होता.

नवे मौलाना माइकपाशी आले. माइक त्यांनी ह्यांच्याकडे वळवला.

"चाचा, तपासा."

ह्यांनी खूण केली, तपासलाय.

"इथे तपासा. सगळ्यांसमोर."

हे पुढे आले. खाकरले. "हॅलो," म्हणाले, फाटका, ओला आवाज. चारही दिशांच्या कर्ण्यांतून तो 'हॅलो' निघाला आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, माणसं खाली वाकली. एका बाईने लेकरू पदराखाली ओढलं. ह्यांनीही ते पाहिलं.

"एक," हे म्हणाले. "दोन. तीन."

एरवी हे इथे थांबायचे. हे थांबले नाहीत. "चार," म्हणाले. "पाच."

सेक्रेटरी चुळबुळले. नव्या मौलानांनी हात वर करून त्यांना थांबवलं. हे मोजत राहिले, सावकाश, प्रत्येक आकडा नीट पोचेल असा. थोड्या वेळाने लोकांच्या लक्षात आलं की कुठवर मोजताहेत. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. बाजारात जितके गेले होते तितके आकडे झाले आणि हे माइकपासून बाजूला झाले.

नवे मौलाना फार थोडं बोलले. "ते आमचे नाहीत, असं म्हणून मी मोकळा होणार नाही. त्यांनी आमचं नाव वापरलंय. ते मी परत मागायला उभा आहे. ज्यांनी हे केलं त्यांच्यासाठी आमच्याकडे नमाज नाही, कबरीला जागा नाही." त्यातही 'पण' नव्हता.

पुढे खरे लोक पकडले गेले. ह्यांच्यावर काही आलं नाही. इन्स्पेक्टर स्वतः कॅसेट परत करायला आला, माझ्या हातचा चहाही प्याला. कामं पुन्हा मिळाली. पण कुठल्याही चौकात ह्यांनी 'हॅलो' म्हटलं की हसणारी माणसं मध्येच थांबायची, एखादं शटर अर्ध्यावर यायचं. मग ह्यांनी हॅलो म्हणणं सोडलं. नखाने माइकवर टकटक करायचे आणि मान तिरकी करून ऐकायचे. "येतंय का?" असंही मला कधी विचारलं नाही. मी आपली सवयीने फडकं घेऊन गॅलरीत उभी असायची. शेवटपर्यंत हे असेच राहिले, आणि एका दुपारी झोपेतच गेले.

कॅसेट माझ्याकडे आहे. हल्ली कमिटी ती लावत नाही, फोनवरच सगळं येतं. मी घरातल्या घरात लावते, पण मौलानांसाठी नाही. पुलावरच्या बसनंतरच्या त्या जुन्या सभेच्या सुरुवातीला ह्यांनीच माइक तपासला होता, तेही तिच्यात आहे. तरुण आवाज, जरासुद्धा खरखर नाही.

आधी नुसती हवा वाहते. मग दूर, भिंतीपलीकडच्या खोलीतून कुणी हाक मारावी तसा एक पुसट 'हॅलो' येतो. खरा यायचा असतो अजून. त्या दोहोंच्या मध्ये जेमतेम एका श्वासाची जागा असते.

तेवढ्यात मी हातातलं फडकं उचलते आणि म्हणते, "येतंय."