चिकाचा वाटा

"अवं, गूळ फोडून घातला का तसाच ढेकूळ टाकला?" व्हरांड्यातून तुळजाबाईने विचारलं.

"फोडला की!" स्वयंपाकघरातून गेणबाने चक्क खोटं सांगितलं आणि पातेल्यात पळी घालून तो गुळाचा खडा शोधू लागला.

मुळशीच्या धरणावरच्या पाहुण्यांच्या बंगल्यात रखवालदारी करण्यात गेणबाचा जन्म गेला होता, पण चुलीशी त्याचा संबंध विडी पेटवण्यापुरताच. चूल बायकोची, तुळजाबाईची. शनिवारी पुण्याहून धरणाच्या साहेबांच्या ओळखीची जोडपी यायची, त्यातली बरीचशी नव्याने लग्न झालेली. व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्च्यांवर ती पाण्याकडे बघत हातात हात घालून बसायची, आणि चहा घेऊन जाण्याआधी गेणबा लांबूनच मोठ्याने खोकायचा. हात सुटल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे त्याचं त्यानेच ठरवलेलं होतं. तुळजाबाईच्या हातची घावनं, आंबेमोहराचा भात, तळ्यातल्या माशांचं कालवण खाऊन ती मंडळी खूश होऊन जायची. म्हैस व्यालेली असली तर मग काय, खरवस! पुण्याच्या बायका मुद्दाम मागच्या दारी येऊन कृती विचारायच्या. ती सगळं सांगायची. चीक कुठून आणणार, हे मात्र विचारायची नाही.

पण मागच्या दारातून पुढच्या व्हरांड्यात ती कधी आली नव्हती. रखवालदाराच्या माणसांनी पुढे यायचं नाही, असा हुकूमच होता. गेणबाच्या आधीचा रखवालदार एका दुपारी पाहुण्यांच्या पलंगावर झोपलेला सापडला, आणि दिवस मावळायच्या आत बिऱ्हाडासकट बाहेर झाला. बंगल्याच्या मागच्या दोन खोल्या, त्याला लागून गोठा, एवढंच गेणबाचं जग. नोकरी गेली की तेही जाणार.

आणि आज तुळजाबाई पुढच्या खुर्चीत बसली होती.

त्याचं असं झालं होतं. पौडाच्या डॉक्टरने तिचं पोट दाबून बघितलं आणि सोमवारी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. गाठ होती, कापायला लागणार होती. गेणबाला बाजूला घेऊन तो म्हणाला, "फार उशीर केलात." मग घरी नुकत्याच व्यालेल्या म्हशीची धार काढता काढता तुळजाबाई म्हणाली, "मला एक डाव म्होरच्या खुर्चीत बसायचंय. आन् तुमी करून आनायचं, म्या खायाचं. त्या पुन्याच्या बाया बसत्यात तशी."

गेणबा हसला. ती हसली नाही. मग त्याचंही हसू विरलं.

या शनिवारी कोणी येणार असल्याचा निरोप नव्हता. निरोप शुक्रवारच्या जीपबरोबर यायचा. तो आला नाही, म्हणजे बंगला मोकळा. तरी सकाळपासून गेणबाचे कान रस्त्याकडे लागले होते. पातेलं उतरवताना त्याचं बोट भाजलं, वड्या पाडताना निम्म्या मोडल्या. शेवटी पाहुण्यांच्या काचेच्या बशीत त्याने खरवस घातला आणि बाहेर नेला.

ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती, कोणी उठ म्हणालं तर पटकन उठता यावं अशी. अंगाभोवती नवी गोधडी. दवाखान्यात न्यायची म्हणून तिने जुन्या लुगड्यांची शिवलेली. हिरव्या काठांचे तुकडे मध्ये चौकोनात बसवलेले, टाका बारीक.

"मागं टेकून बस की."

"बरी हाय अशीच." पण जरा वेळाने ती टेकली. समोर धरणाचं पाणी दुपारच्या उन्हात पार डोंगरापर्यंत पसरलं होतं. कुठेतरी फांदी मोडली तसा गेणबा दचकला.

"वानर हाय. गाडी न्हाई."

"म्हाईत हाय मला," गेणबा म्हणाला आणि खाली पायरीवर बसला. "कसा झालाय?"

"गूळ खाली बसलाय." तिने आणखी एक घास घेतला. "पर ग्वाड हाय."

ती खात होती आणि गेणबा बघत होता. त्याच्या ध्यानात आलं, इतक्या वर्षांच्या संसारात आपण हिला खाताना बघितलंच नाही. तो जेवून उठायचा, मग ती त्याच्या ताटात वाढून घ्यायची. तोवर तो बाहेर विडी ओढत असायचा. ती डाव्या गालाने चावते, हेही त्याला आज कळलं. आणि नेमकी तेव्हाच पौडाच्या बाजूने जीप वाजली.

या वेळी ते वानर नव्हतं.

"उठू का?" तुळजाबाईने विचारलं.

गेणबा उभा राहिला. तिच्या बशीत अजून अर्धा खरवस होता.

"बस," तो म्हणाला. "म्या बघतो."

फाटकाशी जीप थांबली होती. चालवणारा हैबतराव, हपिसातला ड्रायव्हर. गेणबाच्या जागेवर आपल्या मेहुण्याला चिकटवायचं त्याने केव्हापासून मनात घेतलं होतं, आणि ते त्याने कधी लपवलंही नव्हतं. मागे एक तरुण सूट घातलेला, आणि शेजारी हातभर हिरवा चुडा घातलेली मुलगी.

"साहेबांची लेक आन् जावई," हैबतराव म्हणाला. "आज सकाळीच ठरलं. दोन दिस ऱ्हात्याल. उघड."

"पाव्हणं हायेत," गेणबा म्हणाला.

"कुटलं पाव्हणं? साहेब तर बंगला मोकळा हाय म्हनले."

"आले अचानक. बाई आजारी हायेत त्यातल्या. त्यास्नी उठवता याचं न्हाई."

हे बोलताना आपण अर्धं खरंच बोलतोय, एवढाच काय तो गेणबाला आधार होता. हैबतरावाने डोळे बारीक केले. जावयाच्या कपाळाला आठी पडली. "अहो, इतक्या लांब आलोय आम्ही. कोण आहेत ते, त्यांना भेटू तर द्या!"

मुलीने त्याच्या बाहीला धरलं. "जाऊ द्या ना. आजारी माणसाला कशाला त्रास? आपण पुन्हा येऊ." तिचा चेहरा मात्र पडला होता.

गेणबाला वाटलं, त्या पोरीचे पाय धरावेत. हैबतरावाने कुरकुरत जीप मागे घेतली, वळवली. संकट टळलं म्हणून गेणबाने श्वास सोडला, तोच व्हरांड्यातून हाक आली.

"अवं, थांबवा त्यास्नी! चीक शिजलाय! तसंच नका धाडू!"

आता हे कोणाला सांगायचं? चीक शिजला की दारात आलेल्याला त्याचा वाटा द्यायचा, कोणी का असेना. दारातून तसंच माघारी पाठवलं तर म्हैस आटते. तुळजाबाईच्या आईने ते पाळलं, तिने पाळलं, आणि आता तर सोमवारी ती अंग कापून घ्यायला निघाली होती. मागे घर चालणार होतं ते म्हशीच्या कासेवर. जीप वळताना दिसली आणि तिला दुसरं काही सुचलंच नाही. गेणबाने जिवावर उदार होऊन केलेली तटबंदी तिने एका हाकेत पाडली.

हैबतरावाने तो आवाज ओळखला. त्या आवाजाच्या हातचं त्याने वर्षानुवर्षं खाल्लं होतं. तो जीपमधून उतरला आणि सरळ व्हरांड्याकडे चालायला लागला. जावई आणि मुलगी मागोमाग.

तुळजाबाई खुर्चीमागे उभी होती, दोन वाट्यांत खरवस घेऊन. गोधडी खुर्चीवरच राहिली होती, शेजारी काचेची बशी.

"ह्याच का त्या आजारी पाव्हण्या?" हैबतराव हसला.

"हा काय प्रकार आहे?" जावयाने विचारलं.

गेणबाच्या डोळ्यांपुढे मागच्या दोन खोल्या आल्या, गोठा आला, परवाच जन्मलेलं रेडकू आलं. दवाखान्यातून हिला आणायचं तरी कुठे? तो एकदम तुळजाबाईकडे वळला आणि ओरडला, "तुला किती डाव सांगितलं, म्होरं येऊ नगं म्हून? खुर्चीवर बसतीस? तुज्या बापाची हाय का गं?"

तुळजाबाईने त्याच्याकडे बघितलं. फार वेळ नाही, क्षणभरच.

"मग पाव्हणं कोन, ते तरी सांग," हैबतरावाने सोडलं नाही.

तुळजाबाईच पुढे झाली. "म्याच त्यास्नी सांगितलं जी, म्होरं पाव्हणं उतरल्यात, जाऊ नका तकडं म्हून. त्यास्नी खरंच वाटलं. त्यांचा काय दोस न्हाई. चुकलं माजं."

एवढं फुसकं खोटं त्या बंगल्यात कोणी बोललं नसेल. कोणाचाच विश्वास बसला नाही आणि कोणीच तसं बोललं नाही. मुलीने घाईने वाटी घेतली, एक घास तोंडात घातला आणि काहीतरी गोड बोलायचं म्हणून इकडे तिकडे बघू लागली. तिची नजर खुर्चीवर गेली.

"अय्या, ही गोधडी कोणी शिवली? काय सुरेख आहे! अहो, बघा ना टाके!"

"घेऊन टाक मग," जावई म्हणाला. त्यालाही तो विषय संपवायचाच होता. "बाईंना काय द्यायचं ते देऊ."

"देत्यात की," हैबतराव गेणबाकडे बघत म्हणाला. "एवढ्यावर मिटतंय तर लई झालं."

गेणबाला इशारा समजला. त्याने खुर्चीवरची गोधडी उचलली, घडी केली, आणि दोन्ही हातांनी पुढे केली. तुळजाबाईने मध्येच तिच्यावर हात ठेवला.

"ही न्हाई."

"अगं, ताई मागत्यात—"

"ही न्हाई म्हनलं ना. खुर्ची तुमची, बंगला तुमचा. ही माज्या हातची हाय." मग ती मुलीकडे वळली, तिच्याशी बोलताना आवाज उतरला. "राग मानू नका ताई. दुसरी शिवून दिली असती. पर सोमवारी मला दवाखान्यात जायाचंय. प्वाटात गाठ हाय. तितं माज्या अंगावर कायतरी घरचं आसावं."

मुलीचा चेहरा लाल झाला. पुढे केलेला हात तिने मागे घेतला, तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. "नको, नको. मला माहीत नव्हतं हो," ती म्हणाली आणि नवऱ्याला घेऊन खोलीत गेली. हैबतराव सामान उतरवायला लागला. तो साहेबांच्या कानावर घालणार की नाही, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

संध्याकाळी तुळजाबाई मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेली आणि पदर खोचून पाहुण्यांच्या स्वयंपाकाला लागली. गेणबा उंबऱ्यात घुटमळत होता.

"अगं, मगाशी म्या जे बोललो..."

"लाकूड सारा जरा म्होरं." तिने आधण उतू जाताना झाकण सरकवलं. "तुमी बोलला नसता तर घर गेलं आसतं. कळतं मला."

गेणबाने लाकूड सारलं. त्याला जरा बरं वाटलं न वाटलं तोच ती म्हणाली, "पर बापाचं काडायला नगं व्हतं."

गेणबा चुलीतलं लाकूड उगाच हलवत राहिला.

"खुर्ची माज्या बापाची न्हाई. पर खुर्चीत बसलं की म्होरं जे पानी दिसतंया ना, त्याच्या खाली त्याचं वावर हाय. आंबेमोहर पिकायचा. म्या बांधावर खेळलीया. हितं मागल्या दारातनं ते दिसत न्हाई, म्हून बसायचं व्हतं मला. खरवसाचं आपलं निमित्त."

गेणबाला हे माहीत नव्हतं असं नाही. धरण झालं, गाव उठलं, सासरा डोक्यावर भांडी घेऊन डोंगर चढला, हे लग्नाच्या बैठकीतच त्याने ऐकलं होतं. पण बंगल्याच्या नोकरीत माणूस पाण्याला नुसतं पाणीच म्हणायला शिकतो. इतकी वर्षं तो पाहुण्यांना कौतुकाने ते पाणी दाखवत आला होता. घरच्या बाईला दाखवायचं त्याला एकदाही सुचलं नव्हतं.

तिने त्याचं ताट वाढलं. "तू बी बस," तो म्हणाला. "पाव्हण्यांचं हुऊ द्या आधी," ती म्हणाली आणि भात घेऊन उठली.

सोमवारी सकाळी म्हैस शेजारच्या कृष्णाबाईच्या हवाली करून दोघं एस.टी.त बसली. पुण्याची गाडी अर्धी रिकामी होती. तिला खिडकीपाशी जागा मिळाली, आणि गाडी सुटल्यावर थोड्याच वेळात गजाला डोकं टेकून तिचा डोळा लागला. झोपेत तिचा हात पोटावर होता. गाडी पूर्वेकडे निघालेली, ऊन नेमकं तिच्या तोंडावर येत होतं. ती कपाळाला आठ्या घालून मान वळवायची, पण ऊन काही चुकत नव्हतं.

गेणबा उठला आणि बाकाच्या दांडीला धरून ऊन अडेल असा वाकून उभा राहिला.

"बाबा, बस की, जागा हाय," कंडक्टर म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या."

"पुनं लांब हाय अजून. धक्के बसत्यात."

"ऱ्हाऊ द्या म्हनलं ना."

कंडक्टर पुढे निघून गेला. रस्ता वळणावळणाचा होता. वळण आलं की ऊन बाजूला सरकायचं, आणि गेणबाही तेवढाच सरकून उभा राहायचा.