मिठागरातले साठ ठिपके

काळुराम आला तोच माझा नकाशा टेबलावर आपटत. खाडीकाठच्या गावातला मिठागराचा मुकादम, वय साठीच्या पुढे.

"ही करामत कोनाची?"

"माझी," मी म्हटलं. आवाज चढवणारी माणसं मला आवडत नाहीत, आणि रामवाडीच्या खारभूमी खात्याच्या त्या कोंदट ऑफिसात मी सकाळपासूनच वैतागले होते.

खाडीचं पाणी अडवणाऱ्या त्याच्या गावच्या दोन बांधांना खांडं, म्हणजे भगदाडं, पडली होती. पावसाळ्याआधी दुरुस्ती एकाचीच होणार होती. ज्या बांधामागे जास्त माणसं, तो आधी, असं रोह्याहून आलेल्या इंजिनियरांनी, आदर्शसाहेबांनी, ठरवलं. माणसं दाखवणारा नकाशा काढायला मी कोड लिहिला. एक ठिपका म्हणजे दहा माणसं. गावात आठशे चाळीस माणसं, म्हणजे चौऱ्याऐंशी ठिपके. गावाच्या हद्दीत कुठेही टाका, असं मी त्यात सांगितलं. कॉम्प्युटरने इमानेइतबारे टाकले.

"ह्या भायेरच्या बांधामागं नुसतं मिठागर हाय," काळुराम म्हणाला. "साठ ठिपके मोजले मी. तिथं कुत्रा पन ऱ्हात नाय. आमची घरं आतल्या बांधाला."

"ठिपके म्हणजे घरं नव्हेत. खाली लिहिलंय तसं."

"ती मुंगीयेवढी अक्षरं वाचून मंजुरी दिली काय गो?"

मंजुरी ठिपके बघूनच दिली होती, बाहेरच्या बांधाला. मला ते तिथल्या तिथे कळलं आणि राग मी त्याच्यावरच काढला.

"मग माहिती मागितली तेव्हा गप्प का बसलात?"

मी माहिती मागितलीच नव्हती. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. उपग्रहाच्या फोटोवर घरं खुणावायला अर्धा दिवस गेला असता, तो मी वाचवला होता.

आता तो समोर ठाण मांडून बसला आणि मी घरं खुणावली. कोड पुन्हा चालवला. चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी ठिपके आतल्या बांधाला चिकटले. मला स्वतःची लाज वाटली.

नवा नकाशा घेऊन आम्ही दोघं आदर्शसाहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"फाइल गेली वर. आणि आधीचा कसा छान पसरलेला दिसत होता."

मी भांडले. त्यांनी पहिल्या नकाशावरची माझी सही माझ्यापुढे धरली.

बाहेर येऊन काळुराम म्हणाला, "ह्या नव्याचा एक कागद दे."

"आता त्याचा उपयोग नाही."

"हाय. पानी भरलं की होडीवाल्यांना देतो. मानसं कुठं शोधायची, ते तरी त्यांना कळंल."