बाबांच्या गाडीचा चिखल

वैजनाथ कंटाळला होता. कामाला कंटाळला होता, बसला कंटाळला होता, आणि खरं सांगायचं तर कंटाळ्यालाही कंटाळला होता. बिबवेवाडीतून सकाळी सातला निघायचं, कंपनीच्या बसमध्ये मान टाकून झोपायचं, हिंजवडीत दिवसभर अमेरिकेतल्या कुणाच्या तरी विम्याच्या प्रोग्रॅममधल्या चुका निस्तरायच्या आणि पुन्हा तीच बस. बायको नम्रता कंपनीच्या कामासाठी वर्षभर परदेशी, ऑनसाइट गेलेली. घरात उरले दोघंच, तो आणि त्याचे वडील महिपती.

महिपती बुलढाण्याकडचे. फौजेत रणगाडा चालवायचे. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्याकडे सेंच्युरियन रणगाडा होता. आई गेली तसं वैजनाथनं त्यांना पुण्याला आणलं आणि तेव्हापासून हा माणूस जवळजवळ मुकाच झाला. ‘जेवले का बाबा?’ ‘हो.’ ‘फिरायला गेले होते?’ ‘हो.’ संपलं संभाषण! अहो, भिंतसुद्धा बरी, तिला निदान पावसाळ्यात ओल तरी येते. वैजनाथला फार वाटायचं, यांनी बोलावं. लढाईबद्दल बोलावं, आईबद्दल बोलावं, नाहीतर मला चार शिव्या घालाव्यात, पण बोलावं. शेवटी त्यानं ठरवलं की बाबांचा रणगाडा करायचा आणि त्यांच्यापुढं ठेवायचा. तो बघून तरी तोंड उघडतील.

कर्वेनगरला हिंदुराव नावाचे एक गृहस्थ राहत. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, वेळ भरपूर आणि जीभ तिखट. त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत दर रविवारी पाचसहा मंडळी जमायची आणि प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून वीतभर लांबीचे रणगाडे बनवायची. चांगली शिकलीसवरलेली माणसं, पण एकेक चाक बसवताना असा श्वास रोखून धरायची की बघणाऱ्यालाच गुदमरावं. इथला कायदा एकच. “कोरा करकरीत रणगाडा म्हणजे जत्रेतलं खेळणं,” हिंदुराव म्हणायचे. “आपण कलाकार आहोत. घाण करा.” मग रंगवलेल्या रणगाड्यावर गंज चढायचा, तेलाचे ओघळ यायचे, चाकांवरच्या पट्ट्यांत चिखल भरायचा. प्रियदर्शनी नावाची एक डिझायनर तर गंजात इतकी तरबेज, की तिच्या मॉडेलला हात लावला की माणसानं धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं!

वैजनाथ या मंडळींत सामील झाला आणि पुढचे आठ महिने त्यानं सुट्टीचा रविवार असा पाहिला नाही. शनिवारी कंपनीत राबायचा, रविवारी चुरचुरत्या डोळ्यांनी नऊच्या ठोक्याला कर्वेनगर गाठायचा, दिवेलागणीला परतायचा. घरी वेणूबाई पोळी-भाजी करून जायच्या, बाबा ताट वाढून घ्यायचे. कुठं जातोस, हे त्यांनी विचारलं नाही आणि यानंही ताकास तूर लागू दिली नाही. गंजाचे ओघळच काढायला सात रविवार लागले. प्रियदर्शनीनं शेजारी बसून शिकवलं. काम असं उतरलं की हिंदुरावांनी स्वतःहून बंगळुरूच्या प्रदर्शनाला त्याचं नाव पाठवलं. हिंदुरावांकडून याहून मोठं कौतुक कुणाला मिळालेलं नव्हतं.

बंगळुरूला जायच्या आधीच्या रविवारी वैजनाथनं बाबांना रिक्षात घातलं आणि गच्चीवर आणलं. मंडळी उभी राहिली. “या, या. खरा माणूस आज आला, आम्ही सगळे प्लॅस्टिकचे,” हिंदुराव म्हणाले. वैजनाथनं रणगाडा टेबलावर बाबांच्या पुढ्यात ठेवला.

महिपतींनी चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. “कोनाची गाडी आहे हे?”

“तुमची, बाबा. तुमच्या जुन्या फोटोतला नंबर बघा ना.”

त्यांनी नंबर पाहिला. मग पट्ट्या पाहिल्या, ओघळ पाहिले. “मंग चालवणाऱ्यावर कारवाई कराले पाहिजे,” ते म्हणाले.

सगळे हसले. महिपती हसले नाहीत.

“माह्या गाडीवर गंज? गाडी पुसल्याबिगर आमी कधी जेवलो नाई. गेनबा आमचा गनर, तोफेवरचा. अंगात ताप अन् तरी कापड घेऊन गाडीवर चढलेला. लढाईत पुसली, लढाई झाल्यावर पुसली. अन् तुमी हे काय करून ठेवलं?” वर्षभरात बाबा एवढं बोलले नव्हते. वैजनाथला हवं होतं ते झालं होतं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“रॉकेल आहे काय?” महिपतींनी विचारलं.

“अहो, रॉकेल कशाला?” हिंदुराव उडालेच. “बंगळुरूला जायचाय तो!”

“काका, प्लीज, ते मुद्दाम केलंय,” प्रियदर्शनी रडकुंडीला आली.

रंग पुसायच्या टर्पेंटाइनची बाटली वैजनाथच्या हाताशीच होती. आता नको म्हणावं, हसण्यावारी न्यावं, रणगाडा उचलून खोक्यात ठेवावा. आठ महिन्यांची मेहनत होती हो! जीव तुटत होता त्याचा. पण बाबा हात पुढे करून उभे होते. त्यानं बाटली दिली आणि खिशातला रुमालही दिला.

महिपती खुर्ची ओढून बसले आणि पुसायला लागले. आधी पट्ट्या, मग बाजू, मग तोफेचा बुरूज. सात रविवारांचे ओघळ सात मिनिटांतच रुमालावर उतरले. खालून साधा, स्वच्छ हिरवा रंग वर आला तसा त्यांचा हात जरा सावकाश झाला.

“रंग बरोबर आहे,” ते म्हणाले. “कोनं सांगितला?”

“इंटरनेटवर एक जण भेटला. पोलंडचा आहे. त्यानं पुस्तकं बघून सांगितला.”

“अन् आतली बसायची जागा?”

“तीही त्यानंच.”

महिपतींनी मान हलवली. पुन्हा पुसायला लागले.

“मले विचाराचं होतं ना, वैजू,” ते म्हणाले. “मी घरीच होतो. दर रविवारी घरीच होतो.”

हे रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. तसं नाही, वेळ सांगावी तसं सांगितलं. वैजनाथनं एक स्टूल ओढलं आणि तो बाबांच्या शेजारी बसला.

“मग आता सांगा, बाबा. गेनबाकाका कुठं बसायचे?”

“थांब,” महिपती म्हणाले. “आधी पुसू दे.”